दुपारी कॉकाटील पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला सापडला. उन्हाळ्यात पक्षी कसे सांभाळता?

मोरपंखी
कालचा प्रसंग लिहिते. अजून मन थाऱ्यावर नाही, पण विचारायचं ते आत्ताच विचारलेलं बरं.

माझ्याकडे चार वर्षांचा कॉकाटील (तुऱ्याचा छोटा पोपट) आहे. पिंजरा बाल्कनीत, भिंतीला लागून. सकाळी मी निघते तेव्हा तिथे छान सावली असते, गजांना हात लावला तर गार लागतात. काल डोकं दुखत होतं म्हणून तीनच्या सुमाराला घरी आले. एरवी तो किल्लीचा आवाज आला की शीळ घालतो. काल काहीच नाही. बघते तर दांडी रिकामी. तो खाली ट्रेच्या कोपऱ्यात, पंख अंगापासून फाकवलेले, चोच उघडी, प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली होतेय. अर्ध्या पिंजऱ्यावर थेट ऊन आलं होतं. स्टीलच्या वाटीत पाणी होतं, पण बोट बुडवलं तर पटकन काढून घ्यावं लागलं इतकं गरम.

पिंजरा उचलून आतल्या खोलीत आणला. साध्या पाण्याचा बारीक फवारा मारला, पाय ओले केले. वीस-पंचवीस मिनिटांनी चोच मिटली, तासाभराने दांडीवर चढला. आज दाणे खातोय, पण नेहमीपेक्षा कमी, आणि गप्प आहे.

मी केलं ते बरोबर होतं का? आणि पुढचे दोन महिने काय करू? दिवसभर घरी कोणी नसतं. ज्यांच्याकडे पक्षी आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कडुनिंब
मोरपंखी, मी पशुवैद्यक आहे, म्हणून आधी कामाचं सांगतो. त्याला आज नाहीतर उद्या सकाळी पक्षी तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. उष्माघातातून पक्षी वरवर सावरला तरी मूत्रपिंड किंवा यकृताला इजा झाली असेल तर ती एक-दोन दिवसांनी दिसते. गप्प राहणं आणि कमी खाणं ही दुर्लक्ष करण्याजोगी लक्षणं नाहीत. नेताना सकाळची वेळ निवडा, आणि उभ्या गाडीत पाच मिनिटंही एकटा ठेवू नका. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी चढतं.

तुम्ही केलंत ते बरोबरच होतं. पाय आणि पंखांखालची जागा हीच ओली करायची. पायांवर पिसं नसतात, रक्तवाहिन्या त्वचेच्या जवळ असतात, त्यामुळे उष्णता तिथून लवकर बाहेर पडते. पाणी साधं किंवा किंचित गार असावं. बर्फाचं पाणी वापरू नका, त्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते, शिवाय पक्ष्याला धक्का बसतो. आणि चोचीत ड्रॉपरने पाणी घालू नका. धापा टाकणाऱ्या पक्ष्याच्या घशात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. चोचीच्या कडेला ओलं बोट लावा, प्यायचं असेल तर तो स्वतः चाटेल.

हे सगळं का, तेही सांगतो, म्हणजे बाकीचे उपाय स्वतःच ताडून पाहता येतील. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. त्यांच्या शरीराचं तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, साधारण ४० ते ४२ अंश सेल्सियस. वरून पिसांचं पांघरूण. तेव्हा उष्णता बाहेर टाकायचे मार्ग मोजकेच उरतात: पंख फाकवायचे, पाय आणि चोचीकडे रक्त जास्त वळवायचं, आणि चोच उघडून जोरजोरात श्वास घ्यायचा, म्हणजे श्वसनमार्गातलं पाणी वाफ होऊन जातं. धाप लागणं हाच त्यांचा घाम. हवा दमट असली की वाफ होत नाही आणि हा मार्गही बंद पडतो. म्हणून ३४ अंशांचा दमट दिवस ३८ अंशांच्या कोरड्या दिवसापेक्षा वाईट ठरू शकतो.

पंख फाकवले आहेत पण चोच मिटलेली आहे, ही पहिली पायरी. तेव्हाच जागा बदला. चोच उघडी आणि शेपटी हलतेय म्हणजे उपाय लगेच. तोल जातोय, तळाशी बसलाय, हाक मारली तर बघत नाही, म्हणजे गार करत करत थेट दवाखाना.

रानवारा
वाचून वाईट वाटलं. पण इतकं घाबरायची गरज आहे का, असा प्रश्न पडतो. कॉकाटील काय, बजरी (बजरीगर, छोटे रंगीत पोपट) काय, दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातले. उन्हातच वाढलेली जात. माझ्याकडे गच्चीवर मोठा पिंजरा आहे, अठरा बजरी आणि सहा झीब्रा फिंच (चिमणीसारखे छोटे पक्षी). वर पत्रा आहे, पाणी भरपूर ठेवतो. पाच उन्हाळे काढले. अधूनमधून एखादा पक्षी जातो, पण ते वयामुळे असावं.

पाणवठा
रानवारा, तुमची तळमळ खरी आहे, गच्चीवर रोज चढून चोवीस पक्ष्यांचं करणं सोपं नाही. पण ‘वाळवंटातला पक्षी आहे, सोसेल’ हे मीही बरीच वर्षं धरून बसले होते, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

ऑस्ट्रेलियातच १९३२ साली दक्षिणेकडच्या अंतर्भागात उष्णतेची मोठी लाट आली होती, त्यात बजरी आणि फिंच प्रचंड संख्येने पाणवठ्यांपाशी मरून पडले होते. अगदी अलीकडे, जानेवारी २०१० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात होपटाउनजवळ एकाच भीषण दिवसात दोनशेच्या आसपास कार्नाबी काकाकुवे गेले. तिथलेच पक्षी, तिथलंच ऊन. म्हणजे जातीला सोसतं त्यालाही हद्द आहे.

आणि रानातला बजरी दुपारी करतो काय? पहाटे पाण्यावर जातो, सकाळी चरतो आणि ऊन चढलं की झाडाच्या दाट पानांत शिरून गुपचूप बसून राहतो. पाणी संपलं तर थवा मैलोन्मैल उडून दुसरीकडे जातो. आपल्या पिंजऱ्यात यातलं काय शक्य आहे? ऊन फिरलं तर त्याच्याबरोबर सरकायला जागा हवी, तीच नसते.

एक विचारू? ते ‘अधूनमधून जाणारे’ पक्षी कोणत्या महिन्यांत गेले?

अबोली
ऊन फिरतं, हे पाणवठा यांचं म्हणणं अगदी पटलं. सावली सकाळी नऊला बघायची नसते, तीनला बघायची असते. सुट्टीच्या दिवशी दर तासाला पिंजऱ्याच्या जागेवर ऊन कुठवर येतं ते खडूने मारून ठेवा. मी केलंय. माझा अंदाज दोन हातांनी चुकला होता. आणि महिन्याभराने पुन्हा बघा, सूर्याची वाट सरकते.

झुळूक
माझे दोन प्रश्न आहेत. एक, पिंजऱ्यासमोर टेबलफॅन लावून ठेवला तर पुरेल का? दोन, कूलर चालतो का? माझ्याकडे एकच लव्हबर्ड आहे, खरा लव्हबर्ड, पीचफेस. बजरीला लोक लव्हबर्ड म्हणतात म्हणून सांगितलं.

कडुनिंब
झुळूक, पंख्याबद्दल गैरसमज खूप आहे. आपल्याला पंख्याने गार वाटतं ते मुख्यतः घाम वाळतो म्हणून. पक्ष्याला घामच नाही आणि पिसांमुळे वारा कातडीपर्यंत पोचत नाही. हवा त्याच्या शरीरापेक्षा गार असेल तर थोडा फायदा होतो, पण हवाच ४०-४१ अंशांवर गेली असेल तर पंखा गरम हवेचा झोत सोडत राहतो. सतत अंगावर वारा आला तर तो वैतागतो तो वेगळाच. पंख्याचा खरा उपयोग खोलीतली कोंडलेली हवा बाहेर ढकलायला. किंवा पिंजऱ्याच्या एका बाजूला ओला पंचा टांगा आणि पंखा त्या पंच्यावर, पिंजऱ्यावर नव्हे. बाकी तीन बाजू उघड्या राहू द्या.

आणि छताच्या पंख्याबद्दल हात जोडून सांगतो. पक्षी खोलीत मोकळा असेल तेव्हा पंखा बंद, बटणावर चिकटपट्टी लावून बंद. उन्हाळ्यात माझ्याकडे येणारे पंख मोडलेले पक्षी बहुतेक याच कारणाने येतात.

कूलर कोरड्या हवेत उत्तम, पण समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर तासाभरात खोली दमट होते आणि मघाशी लिहिलेला धापेचा मार्ग बंद पडतो. बाहेर आधीच दमट असेल तर कूलर लावूच नका. त्याच्या जाळ्या आणि टाकी आठवड्याला घासून वाळवा. त्यात वाढणाऱ्या बुरशीमुळे फुप्फुसाचा आजार होतो, तो पक्ष्यांत फार चिवट असतो. एसी असेल तर २५-२६ वर, झोत पिंजऱ्यावर येणार नाही असा. दिवसभर एसीत आणि संध्याकाळी एकदम तापलेल्या बाल्कनीत, असं करू नका. मध्ये अर्धा तास साध्या खोलीत ठेवा.

रानवारा
पाणवठा, तुमचा प्रश्न मनाला लागला. वही काढून बघितली. गेल्या पाच वर्षांत नऊ पक्षी गेले, त्यातले सात उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत. मी ते कधी एकत्र मांडून पाहिलंच नव्हतं.

आज दुपारी अडीचला स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेऊन गच्चीवर गेलो. पिंजऱ्याच्या बाहेर सावलीत ३८. आत, पत्र्याखालच्या सगळ्यात वरच्या दांडीजवळ ४४. तळाशी, ट्रेपासून वीतभर वर, ३९. आणि पक्षी नेहमी वरच बसतात, कारण मी सगळ्या दांड्या वरच लावल्या आहेत. घरट्यांची मडकी तर पत्र्याला चिकटून टांगलेली. एकात पाच अंडी आहेत. हात घातला, भट्टी होती.

काय करू सांगा. उद्या सुट्टी घेतली आहे.

पाणवठा
सुट्टी घेतलीत हे वाचून बरं वाटलं. क्रमाने सांगते, उद्या सकाळी उन्हाच्या आधी सुरू करा.

सगळ्यात आधी पत्रा. पत्रा स्वतः तापतो आणि खाली उष्णता सोडत राहतो, त्यामुळे नुसती ‘सावली आहे’ म्हणून उपयोग नाही. पत्र्याच्या वर हातभर उंचीवर शेडनेट ताणा, मधून वारा खेळला पाहिजे. पत्र्यावरच जाळी अंथरली तर फारसा फरक पडत नाही. पत्र्याला वरून पांढरा चुना दिला तर तोही खूप ऊन परतवतो. पश्चिमेच्या बाजूला गोणपाट सोडा, दुपारी ते भिजवा. चारही बाजूंना मात्र लावू नका, आत वाफ कोंडते.

दांड्या खाली आणा. सगळ्या नको, पक्ष्यांना वर-खाली निवडता आलं पाहिजे. पक्षी घाबरला की वर जातो, म्हणून काही वर राहू द्या. पाण्याची भांडी मातीची घ्या, ती झिरपतात म्हणून पाणी गार राहतं. ठेवायची सावलीत, दांडीच्या बरोबर खाली नको, नाहीतर तासाभरात घाण होतात. एक उथळ परात आंघोळीला, दोन बोटं पाणी. फिंच आणि बजरी त्यात मनसोक्त नाहतात आणि तेवढ्याने बरंच काम होतं.

मडक्यांचं सांगायला जड जातंय. इतक्या उष्णतेत अंड्यांतले जीव बहुधा राहिले नसतील. ही वीण संपली की मडकी काढून ठेवा, ऋतू पालटेपर्यंत. मादीला या दिवसांत अंडी घालायला लावणं म्हणजे तिच्यावर दुहेरी भार.

कडुनिंब
मडक्यांच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. सतत धापा टाकल्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचं संतुलन बिघडतं आणि कवच बनायला लागणारा घटक कमी पडतो. कोंबड्यांमध्ये हे चांगलं अभ्यासलं गेलंय, उन्हाळ्यात त्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होतात. पिंजऱ्यातल्या मादीलाही उन्हात अंडी घालू देऊ नये ते याचसाठी.

आणि एक गोष्ट, केवळ मला फार आवडते म्हणून. झीब्रा फिंच पालक उबवणीच्या शेवटच्या दिवसांत हवा २६ अंशांच्या वर गेली की अंड्याजवळ एक खास बारीक आवाज काढतात. तो ऐकलेली पिल्लं उष्ण हवामानाला साजेशी, किंचित लहान वाढतात, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. अंड्यातल्या पिल्लाला आई-बाप उन्हाची बातमी देतात! रानवारा, तुमच्या सहा फिंचकडे कधीतरी शांतपणे कान द्या.

सायंतारा
मी इथे फारसं लिहीत नाही, पण हे लिहिलंच पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी अशाच उन्हाळ्यात माझी बजरीची जोडी गेली. उन्हाने नाही. खोली गार राहावी म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या, एसी चालू होता. स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा गॅसवर तापत ठेवला आणि फोन आला. तवा रिकामाच होता. दहा-बारा मिनिटं झाली असतील. आम्हाला नुसता हलकासा जळका वास आला. पिंजऱ्यापाशी गेले तेव्हा मादी खाली पडली होती, नर दांडीला धरून धापा टाकत होता. दवाखान्याच्या वाटेवर तोही गेला.

नॉनस्टिक तव्यावरचा लेप फार तापला की त्यातून निघणारा वायू माणसाला कळतही नाही, पण पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात, हे मला नंतर समजलं. हिवाळ्यात खिडक्या उघड्या असायच्या म्हणून निभावलं असावं. उन्हाळ्यात आपण घर बंद करतो आणि मग तवा, डासांची कॉइल, अगरबत्ती, सुगंधी फवारे, सगळं आतच फिरत राहतं. ज्यांच्या घरी पक्षी आहे त्यांनी नॉनस्टिक भांडी काढूनच टाका. मी टाकली, पण उशिरा.

कडुनिंब
सायंतारा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचा यात हलगर्जीपणा नव्हता, ही माहिती भांड्यांच्या दुकानात कोणी देत नाही. साधारण २६० अंशांच्या पुढे तो लेप विघटित व्हायला लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर तिथपर्यंत काही मिनिटांतच पोचतो. शेजारच्या खोलीतला पक्षीसुद्धा वाचत नाही.

झुळूक
सायंतारा, वाचून डोळे भरून आले. आजच तवा बदलते.

खाण्याचं कोणी सांगेल का? काकडी, कलिंगड देते मी. सकाळी ठेवते, संध्याकाळी काढते.

अबोली
सकाळी ठेवून संध्याकाळी काढणं नको. उन्हाळ्यात कापलेलं फळ, भिजवलेलं धान्य, उकडलेलं अंडं, हे दीड-दोन तासांच्या वर पिंजऱ्यात ठेवू नये. आंबतं, आणि पक्षी ते खातो. निघायच्या आधी तासभर आणि आल्यावर तासभर, असं दोनदा द्या. दिवसभरासाठी कोरडे दाणे पुरेत. पाण्यात व्हिटॅमिनचे थेंब घालत असाल तर तेही या दिवसांत थांबवा, त्याने पाणी लवकर खराब होतं. मीठ-साखरेचं पाणी स्वतःच्या मनाने देऊ नका. अ‍ॅव्होकाडो तर कधीच नाही, पक्ष्यांना ते विष आहे.

बाटलीतून पाणी देणाऱ्यांनी रोज टोकाची गोळी बोटाने दाबून बघा. माझी एकदा अडकली होती. बाटली भरलेली दिसत होती आणि पक्षी तहानेला होता. तेव्हापासून माझ्याकडे कायम दोन ठिकाणी पाणी असतं.

तिसराप्रहर
रात्री पिंजऱ्यावर कापड टाकता का कोणी? आमचा आफ्रिकन ग्रे (राखाडी पोपट) कापडाशिवाय झोपत नाही, पण सकाळी कापड काढलं की आतून दमट गरम हवा येते.

पाणवठा
जाड कापड काढा. जुनी सुती ओढणी किंवा धोतर, तेही फक्त वरून आणि उजेडाच्या बाजूने. उरलेल्या बाजू उघड्या. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उष्णता सोडतात, म्हणून पिंजरा भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. ग्रेच्या पिसांत बारीक पावडर पुष्कळ असते, त्यामुळे त्याला रोज फवाऱ्याची आंघोळ घालाच, पण सकाळी. संध्याकाळी भिजवून ओलाच झोपवू नका.

खिडक्या रात्री उघड्या ठेवत असाल तर जाळी ठोका. उन्हाळ्यात हरवलेल्या पक्ष्यांची कहाणी बहुतेक वेळा उघड्या खिडकीपासूनच सुरू होते. कापडी जाळी नको, मोठे पोपट ती पाच मिनिटांत कुरतडतात. तारेची घ्या.

रानवारा
काम झालं. शेडनेट पत्र्यापासून दीड फूट वर ताणलं, चुना दिला, पश्चिमेला गोणपाट. निम्म्या दांड्या खाली आणल्या. मडकी उतरवली. अंडी थंड पडली होती.

आज अडीचचं माप: बाहेर सावलीत ३९, वरच्या दांडीजवळ ४०, खाली ३७. कालच्या ४४ वरून ४०. दुपारभर तिथेच बसलो होतो. बारानंतर एकेक करून पक्षी आपोआप खालच्या दांड्यांवर उतरले, चार वाजता परत वर गेले. मी कधी जागाच दिली नव्हती.

पाणी तीन वेळा बदलतोय. परातीत एका वेळी सात-सात जण नाहतात.

मोरपंखी
सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टरांकडे जाऊन आलो. थोडं निर्जलीकरण होतं, त्वचेखाली सलाइन दिलं, दोन दिवसांनी परत बोलावलंय. वजन नव्वद ग्रॅम भरलं, ते ठीक आहे म्हणाले.

पिंजरा आता आतल्या उत्तरेच्या खोलीत आहे. एका कोपऱ्यात जुनी फरशी ठेवली आहे, सकाळी ती ओली करून जाते. पाण्याची बाटली गोठवून पंच्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून एका बाजूला टेकवते, म्हणजे हवं तर जवळ जाईल, नको तर लांब बसेल. दांडीच्या उंचीला थर्मामीटर बांधला. स्टीलच्या वाटीऐवजी मातीची कुंडी, शिवाय दुसरीकडे बाटली. शेजारच्या काकूंना किल्ली दिली आहे, त्या दुपारी अडीचला येऊन आकडा बघतात आणि मला कळवतात. तेहतीसच्या वर गेला तर काय करायचं ते कागदावर लिहून दारामागे चिकटवलंय.

आज काकूंनी फोटो पाठवला. एकतीस अंश. तो फरशीवर उभा आहे, एक पाय पोटाशी घेतलेला, चोच मिटलेली. त्यांनी किल्ली फिरवली तेव्हा शीळ घातली म्हणाल्या.